गिअरसंचाची पारख

मार्केट यार्डातील व्यापारी पन्नाशीला टेकला की डॉक्टर त्याला दोन गोष्टी हमखास सांगतात : तूप कमी करा आणि काही व्यायाम सुरू करा. पुण्यातील अशाच एका भुसार व्यापारी गृहस्थांनी पहिला सल्ला कानाआड केला आणि दुसरा उत्साहाने मानला. गुडघे कुरकुरू लागले होते, म्हणून सायकल ठरली. दुकानातील सर्वांत देखणी रोड सायकल त्यांनी घेतली. तिच्यावर शिमानोचा ‘अल्टेग्रा’ हा वरच्या श्रेणीचा, ११ गिअरचा संच होता. पंधरा दिवस सपाट रस्त्यावर आनंदात गेले. सोळाव्या दिवशी कात्रजच्या घाटात ते निम्म्या वाटेवर उतरले आणि गुडघा धरून घरी परतले. पुढे दोन महिने सायकल जिन्याखाली उभी होती.

माल खोटा नव्हता. मोजमाप चुकले होते.

हँडलवरचे शिफ्टर, पुढचा व मागचा डिरेलर, क्रँक, मागच्या दातेरी चक्रांची कॅसेट, साखळी आणि ब्रेक मिळून गिअरसंच होतो. रोड सायकलींवर प्रामुख्याने तीन घराण्यांचे संच दिसतात. जपानमधील साकाई येथे १९२१ मध्ये सुरू झालेली शिमानो, इटलीतील विचेन्झाची १९३३ सालची कॅम्पॅग्नोलो आणि १९८७ मध्ये शिकागोत निघालेली स्रॅम. कॅम्पॅग्नोलोचे काम देखणे खरे, पण आपल्याकडे सुटे भाग सहज मिळतात ते शिमानोचे. व्यापाऱ्याला याहून अधिक सांगायला नको.

शिमानोच्या श्रेणी खालून वर अशा चढत जातात : क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि शर्यतपटूंसाठी ड्युरा-एस. क्लॅरिसला मागे ८ चक्रे, सोराला ९, टियाग्राला १०; त्यावरच्या श्रेणी आधी ११ व आता १२ चक्रांच्या. चक्रे वाढली की दोन गिअरांमधील अंतर कमी होते आणि पायांची लय मोडत नाही. १०५ वरून अल्टेग्रावर गेल्यास मात्र, केबलवर चालणाऱ्या संचात तरी, मुख्य फरक वजनाचा असतो, तोही सुमारे पाव किलोचा. पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली तरी तेवढे वजन उतरते.

गृहस्थांच्या गुडघ्याचे उत्तर श्रेणीत नव्हतेच. ते दात्यांच्या संख्येत होते. त्यांच्या सायकलीला पुढे ५२ व ३६ दात्यांची चक्रे होती आणि मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.७ मीटर पुढे ढकलावी लागे. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असते, तर तोच फेरा २.१ मीटरचा झाला असता. ही ओढ शर्यतीतल्या तरुण पायांना खुपत नाही. पन्नाशीच्या गुडघ्याला घाटात प्रत्येक फेऱ्याला जाणवते.

एका जाणत्या मिस्त्रीने दोष ओळखला. त्याच क्रँकवर ५० व ३४ दात्यांची चक्रे बसतात, त्यामुळे क्रँक बदलावा लागला नाही. मागचा आखूड डिरेलर ३० दात्यांपुढे चालत नसल्याने लांब बांध्याचा घेतला आणि त्यासोबत ११-३४ ची कॅसेट, तीही १०५ श्रेणीची. गिअरांची संख्या तीच असल्याने अल्टेग्रावर ती निर्वेध चालते. साखळी आणि कॅसेट झिजतात, बदलत राहावे लागते. हा खर्च एकदाचा नव्हे, दरसालचा. भारी संचालाही झिजणारे भाग खालच्या श्रेणीचे लावता येतात, ही गोष्ट विक्रेता आपण होऊन क्वचितच सांगतो.

या दिवाळीत त्यांच्या कन्येने सायकल मागितली. तिचा कल बॅटरीवर चालणाऱ्या संचाकडे होता. शिमानोने तो २००९ मध्ये ड्युरा-एसवर आणला आणि २०२२ मध्ये १०५ पर्यंत उतरवला. गिअर हलक्या दाबाने बदलतो आणि पावसाळ्यात केबल गंजण्याची चिंता राहत नाही. पण बॅटरी बोटाचे श्रम वाचवते, पायाचे नव्हे; शिवाय एखादा भाग आपटून मोडला तर किंमत मोठी. वडिलांनी टियाग्रा सुचवला. कन्येने नाक मुरडले : दहाच गिअर?

वडिलांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. पुढे ३४, मागे ३४ ही जोडी टियाग्रावरही मिळते. म्हणजे घाटातला सर्वांत हलका गिअर दोघांचा एकच. कमी काय, तर मधली एक पायरी आणि थोडे वजन. उरलेल्या पैशांत चांगले टायर, हेल्मेट आणि दोन साखळ्या येत होत्या. एक पथ्य मात्र मिस्त्रीने बजावले होते : टियाग्राच्या ४७०० मालिकेचे शिफ्टर व डिरेलर जुन्या १० गिअरच्या संचांशी जुळत नाहीत; ‘दहाचाच आहे’ म्हणून कोणी जुना भाग गळ्यात मारू लागला तर घेऊ नये.

दुकानात विक्रेत्याने सायकल पुसून पुढे आणली, रंगाचे कौतुक केले. गृहस्थांनी खिशातून चष्मा काढला, वाकले आणि मागचे मोठे चक्र बोटाने फिरवत दाते मोजू लागले. कन्या संकोचून दाराकडे बघत राहिली. चौतीस भरल्यावरच त्यांनी पाकीट काढले.