पणत्या नकोत, पगार द्या

दिवाळी महिन्यावर आली की मला फोन येऊ लागतात. ‘यंदा तुमच्या मुलांच्या पणत्या दोनशे हव्यात हं.’ आमचे चिरंजीव 27 वर्षांचे आहेत, एक दिवसाआड दाढी करतात; पण बौद्धिक दिव्यांग असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या लेखी ते ‘मूल’च. राखीपौर्णिमेला राख्या, दिवाळीला पणत्या, 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, एखाद्या पाहुण्याच्या हस्ते गुलाबाचं फूल. उरलेल्या दिवसांत नाशिकरोडच्या एका कार्यशाळेत पाकिटं चिकटवायची. महिनाअखेरीला हातावर पडतं ते ‘मानधन’. मान कुठे आणि धन कुठे, ते विचारू नका.

का, तर तो अजून नोकरीसाठी ‘तयार’ नाही. अठराव्या वर्षी शाळा संपली, तेव्हापासून तयारीच चालू आहे. नऊ वर्षं तयारी तर स्पर्धा परीक्षावालेही करत नाहीत!

आता याची तयारी ऐका. आम्ही काठे गल्लीत राहतो. सकाळी द्वारका चौकात कसली झुंबड असते हे नाशिककरांना सांगायला नको. धडधाकट माणूस तिथे रस्ता ओलांडताना देवाचं नाव घेतो. तिथून शेअर रिक्षाने नाशिकरोड गाठायचं त्याला शिकवायला मला सहा आठवडे लागले. सुरुवातीला मी शेजारी बसलो. मग समोर ड्रायव्हरजवळ, मग मागच्या रिक्षात. सुट्टे पैसे शर्टाच्या खिशात, उजव्या बाजूने उतरायचं नाही, रिक्षा भरली असेल तर दुसरी. सातव्या आठवड्यात तो एकटा गेला आणि मी उड्डाणपुलाच्या खांबाला टेकून घाम पुसत राहिलो. आज तोच मला सांगतो, ‘बाबा, ती नको, ती भरल्याशिवाय सोडत नाही.’

हे मी घरात बसून चित्रं दाखवून शिकवलं असतं तर तो अजून चित्रंच बघत बसला असता. आधी जागेवर न्या, मग तिथेच शिकवा, आणि जमायला लागलं की हळूहळू बाजूला व्हा, इतकीच ती युक्ती. यात माझं डोकं काही नाही. मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने 1970च्या दशकात, ज्यांच्याकडून काहीच होणार नाही असं सगळे म्हणत त्या तीव्र बौद्धिक दिव्यांगांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं होतं. ब्रेक, पणती नव्हे. आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या अंबड-सातपूरमध्ये असल्या मुलांना देण्याजोगं काम नाही म्हणे!

एका कारखान्याच्या मनुष्यबळवाल्या साहेबांनी मला अभिमानाने रॅम्प दाखवला. मी म्हटलं, माझा मुलगा पायऱ्या दोन-दोन चढतो. त्याला रॅम्प नको, पहिले दोन महिने शेजारी उभा राहून काम दाखवणारा माणूस हवा. ‘त्याचा पगार कोण देणार?’ प्रश्न रास्त होता. पण याच साहेबांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून एका शाळेची भिंत रंगवून दिली होती, नावासकट. भिंतीला पैसे आहेत, माणसाला नाहीत.

सरकारचं निराळं. 2016च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के जागा दिल्या. त्यातल्या 1 टक्क्यात स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग असे सगळे कोंबले. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरतीत जाते आणि तिथेही मिळाला नाही तर दुसऱ्या प्रवर्गाला देता येते. योग्य उमेदवार घडवायचा कुणी, हे विचारलं की सगळे फायलीत डोकं घालतात.

आम्ही पालकही काही कमी नाही. ‘घरात काय कमी आहे, कशाला राबवायचं त्याला?’ असं म्हणणारे आमच्यातच बसलेत. मीही त्यातलाच होतो. रजनीताई लिमयांनी 1977 साली नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा या मुलांना शाळा असते हेच लोकांच्या गळी उतरवायचं होतं. त्यांनी ते उतरवलं. पुढची पायरी आपली होती, आणि आपण पणत्या रंगवत बसलो.

तेव्हा कारखानदारहो, यंदा पणत्यांसाठी फोन करू नका. कामावर एक जागा आणि दोन महिने शिकवणारा एक माणूस, एवढं असेल तर करा. अंबडची बस कुठली, ते त्याला शिकवायला मला पंधरा दिवस पुरतील.