प्रकाश, रंग आणि प्राणवायु

हळदीचा डाग साबणास सहसा दाद देत नाहीं. परंतु धुतलेलें वस्त्र कडक उन्हांत वाळत घातलें कीं तो फिका पडतो, हें आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. प्रकाश रंगावर पडला म्हणजे रंग तो नुसता परत पाठवितो असें नव्हे; त्यांतील शक्ति गिळून तो स्वतः बदलतो, आणि प्रसंगीं शेजारच्या पदार्थांसही बदलवितो. शेजारीं प्राणवायु असला तर काय होतें, व त्यापासून वैद्यकास कोणता लाभ होण्याची आशा आहे, याचा विचार या महिन्यांत करूं. कर्करोगावर ‘प्रकाशानें जागृत होणाऱ्या सूक्ष्म कणां’चा उपाय निघाल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार प्रसिद्ध होतात. ज्या घरांत असा रुग्ण आहे तेथें अशी वार्ता निव्वळ कुतूहलानें वाचली जात नाहीं. म्हणून तिच्यांतील तथ्य किती, हें पाहणें अवश्य आहे.

या विद्येचा आरंभ जर्मनींतील म्यूनिक येथें झाला. इ. स. १८९७-९८ च्या सुमारास ऑस्कर राब नांवाचा वैद्यकाचा विद्यार्थी आपले गुरु हेर्मान फॉन टॅपाइनर यांच्या हाताखालीं, अक्रिडीन या रंगद्रव्याचा पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर काय परिणाम होतो, हें तपाशीत होता. द्रव्य तेंच, प्रमाण तेंच; तरी ते जीव कधीं लवकर मरत, कधीं फार वेळानें. कारण शोधतां तें खोलींतील उजेडांत सांपडलें. अंधारांत निरुपद्रवी असलेलें द्रव्य उजेडांत मारक ठरत होतें. पुढें या क्रियेस प्राणवायुही लागतो असें दिसून आलें, आणि १९०४ सालीं टॅपाइनर यांनीं तिला ‘फोटोडायनॅमिक’ असें नांव दिलें. १९१२ सालीं मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरानें रक्तांतील रंगापासून काढलेलें हिमॅटोपॉर्फिरिन हें द्रव्य २०० मिलिग्रॅम इतकें स्वतःस टोंचून घेतलें. उन्हांत जातांच त्याचें अंग सुजलें, आणि ही प्रकाशभीति पुढें कित्येक आठवडे टिकली.

येथें कोणी म्हणेल, आमच्या वैद्यांस हें पूर्वींच ठाऊक होतें. श्वित्रावर बावची देऊन रोग्यास उन्हांत बसविण्याची चाल जुनी आहे. चाल जुनी आहे खरी, आणि तिच्यांतील निरीक्षण अभिमानास्पद आहे. परंतु बावचींतील सोरॅलेन हें द्रव्य प्रकाश मिळतांच मुख्यत्वें पेशींतील डी. एन. ए. ला प्रत्यक्ष जखडतें. प्राणवायूचा मार्ग याहून निराळा आहे. पूर्वजांचा गौरव करतांना दोन भिन्न गोष्टी एक मानूं नयेत, एवढें पथ्य आपण पाळलें पाहिजे.

हा निराळा मार्ग असा. रंगद्रव्याचा रेणु प्रकाश गिळतो आणि क्षुब्ध होतो. आपल्यावरचा हा भार तो जवळच्या प्राणवायूच्या रेणूस देतो व स्वतः शांत होतो. भार घेतलेला प्राणवायु मात्र उग्र बनतो. त्यास शास्त्रज्ञ ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ म्हणतात. त्याचें आयुष्य पाण्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या केवळ तीन-चार पट. तेवढ्यांत तो पेशीमध्यें केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतकाही दूर जात नाहीं. जेथें जन्मतो तेथेंच जाळपोळ करून संपतो. हाच या उपायाचा मोठा गुण होय. रंग जेथें साठला आणि प्रकाश जेथें पाडला, तेवढाच भाग नष्ट होतो.

तथापि या रंगद्रव्यांत उणीवा आहेत. कित्येक पाण्यांत विरघळत नाहींत; कित्येक कामाचा प्रकाश फार थोडा गिळतात; आणि हळदीप्रमाणें उजेडांत स्वतःच विटतात. येथें अर्धवाहक पदार्थांचे अतिसूक्ष्म कण साहाय्यास आले. यांतील ‘क्वांटम डॉट’ नामक कण मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही लहान असतात. यांच्या शोधासाठीं व निर्मितीसाठीं एकिमोव, ब्रुस आणि बावेंडी या तिघांस २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या कणांची नवलाई अशी कीं द्रव्य तेंच असूनही आकार बदलला कीं रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा बारीक कण हिरवा चमकतो, तर त्याहून मोठा तांबडा.

हे कण प्रकाश गिळण्यांत भीमासारखे, पण तो प्राणवायूस देण्यांत अगदींच दुबळे. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें २००३ सालीं झालेल्या प्रयोगांत कॅडमियम सेलेनाइडच्या कणांनीं एकट्यानें उग्र प्राणवायु निर्माण केला, त्याचें प्रमाण अवघें शेंकडा ५ च्या आसपास होतें. चांगल्या रंगद्रव्याचें तें शेंकडा ५० च्या घरांत असतें. त्याच प्रयोगांत कणांस थॅलोसायनीन जातीचें रंगद्रव्य जोडलें, तेव्हां कणानें गिळलेला प्रकाश रंगद्रव्यास पोंचूं लागला. सांख्यांचा अंधपंगुन्याय येथें तंतोतंत लागू पडतो. पांगळ्यास अंधानें खांद्यावर घ्यावें आणि पांगळ्यानें वाट दाखवावी, तसें एकानें प्रकाश मिळवावा आणि दुसऱ्यानें तो प्राणवायूस द्यावा. मात्र दोघांत अंतर अत्यल्प हवें; तें दुप्पट झालें तर देवघेवीचा वेग चौसष्टाव्या हिश्शावर येतो.

दुसरी जोडी टायटॅनियम डायऑक्साइडची. हा भिंतीच्या पांढऱ्या रंगांत असणारा पदार्थ. यास एकट्यास जंबुपार किरणच चालतात. परंतु यावर योग्य रंगद्रव्य चढविलें कीं तें साधा प्रकाश गिळून आपला इलेक्ट्रॉन या कणास देतें. तो इलेक्ट्रॉन पुढें प्राणवायूस मिळून त्याचें दुसरें उग्र रूप निर्माण होतें. ओ’रीगन व ग्रेट्झेल यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला सूर्यविद्युत्घटही रंगद्रव्यानें कणास इलेक्ट्रॉन देण्याच्या याच तत्त्वावर चालतो.

आतां मुख्य प्रश्न. हा उपाय आज घरच्या रुग्णास मिळेल काय? कण व रंगद्रव्य यांची जोडी अद्याप प्रयोगशाळेंतच आहे. कॅडमियम विषारी आहे. जपानांतील जिंझू नदीच्या कांठीं खाणींतून आलेल्या कॅडमियममुळें हाडें ठिसूळ होऊन लोकांनीं किती यातना सोसल्या, हें प्रसिद्ध आहे. कणांवर झिंक सल्फाइडचें कवच चढवितात. पण तें शरीरांत किती काळ टिकेल याची खात्री पाहिजे. शिवाय यांतील बहुतेक कण निळ्या वा जंबुपार प्रकाशानें उत्तम चेततात, आणि तो प्रकाश कातडीच्या आंत फार खोल शिरत नाहीं.

केवळ रंगद्रव्याचा उपचार मात्र मान्यता पावलेला आहे. फोटोफ्रिन या औषधास १९९३ सालीं कॅनडांत व १९९५ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्याचा उपयोग प्रकाश पोंचेल अशा ठराविक जागींच होतो; आणि तें घेतल्यावर निदान तीस दिवस रोग्यानें ऊन व प्रखर दिवे टाळावे लागतात. ही जबाबदारी डॉक्टरापेक्षां घरच्यांचीच अधिक. दुपारीं अंगणांत बसूं न देणें, खिडकीस जाड पडदा लावणें, आणि तसें कां करतों हें रुग्णास समजावून सांगणें, हें घरांतील माणसेंच करूं शकतात.

म्हणून आमची सूचना इतकीच. ‘नवीन कण येत आहेत’ या आशेवर सांगितलेली शस्त्रक्रिया वा औषधें कोणीं लांबणीवर टाकूं नयेत. कर्करोगांत गेलेला काळ परत मिळत नाहीं. आणि कोणी असा उपाय आजच विकूं लागला, तर त्यास कोणत्या संस्थेची मान्यता आहे, हें प्रथम विचारावें. शास्त्र आपल्या गतीनें पुढें जात आहे. त्याची वाट आनंदानें पाहावी, पण रोग्याचा औषधोपचार आज जो सिद्ध आहे तोच करावा.