रानवाटाण्याची जागा रानातच

सीरिया, लेबनॉन, इस्रायलच्या खडकाळ उतारांवर मटारचे दोन रानटी भाऊबंद वाढतात. पिसम इलेटियस उंच चढणारा, जांभळट-गुलाबी फुलांचा. मळ्यातल्या मटारचा पूर्वज हाच मानला जातो. पिसम फुल्वम त्यामानाने बुटका, फुलं विटकरी-नारिंगी. दोघांच्याही शेंगा वाळल्या की पिळवटून तडकतात आणि टणक सालीचे दाणे दूर उडतात.

आज जास्त मोलाचा आहे फुल्वम. मटारचा दाणा आतून पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला त्याचे काही वाण दाद देत नाहीत, म्हणून संशोधकांनी त्याचा मटारशी संकर केला.

पण बियाणे बँकेत दाणे जपले की झालं, हे पटत नाही. युद्धामुळे सीरियातल्या अलेप्पोजवळची इकार्डा या कृषी संशोधन संस्थेची बियाणे बँक हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारातून बियाणं मागवावं लागलं. शिवाय शीतगृहातलं बी नव्या किडींबरोबर बदलत नाही. हे उतार अतिचराईपासून आणि बांधकामांपासून वाचवायलाच हवेत.