सरासरीत न मावणाऱ्या बाया

देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, तेव्हा महाराष्ट्रात ३३. २०१८-२० मधला हा आकडा अभिमानाचा खरा. पण सरासरीला ना वस्ती असते, ना जात. कोल्हापूर जिल्ह्यातलं मलकापूर सोडून आंबा घाटाकडच्या डोंगरांत शिरलं की शाहूवाडी तालुक्यातले धनगरवाडे लागतात. पावसाळ्यात पायवाट निसरडी होते, मोबाइलला रेंज नसते. कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्ता गाठावा लागतो; १०८ची रुग्णवाहिका भेटते ती तिथे. ऊसतोडीला आलेल्या बाईची तर गरोदरपणाची नोंदणी गावाकडे आणि दिवस भरतात इथल्या फडात.

श्रीमंत अमेरिकेतही २०२१ साली कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर गोऱ्या मातांच्या अडीच पटींहून अधिक होता. दवाखाने असून भागत नाही. ते कुणाच्या वाट्याला वेळेत येतात, हे पाहावं लागतं.

आदिवासी भागांत बाळंतपणाआधी आरोग्य केंद्रापाशी राहण्याची सोय करणारी ‘माहेरघर’ योजना आहे. डोंगरातल्या धनगर बायांसाठी तशी सोय मलकापुरात निदान पावसाळ्यापुरती व्हावी, आणि मातामृत्यूंची आकडेवारी तालुक्याच्या बेरजेत न लपवता वस्तीनिहाय जाहीर व्हावी, ही आमची मागणी आहे.