जुनी पिकअप घ्यायची? आधी वर्षाच्या खेपा मोजा



कांदा-टोमॅटोचे चार पैसे हातात आले, की घरोघरी एक विषय हमखास निघतो. "आता आपली स्वतःची गाडी हवी." नवी पिकअप परवडत नाही, म्हणून नजर वळते जुन्या डिझेल गाडीकडे. एजंट सांगतो, "एका हाताची आहे, इंजिनाला हात लावायला नको, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." घरातला तरुण मुलगा उतावीळ होतो आणि बाप पासबुक काढून बसतो.

बैल घेताना आपण असे करत नाही. दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. त्याच्या कितीतरी पट पैसे घालून गाडी घ्यायची, तर नुसता नवा रंग बघून विसार का द्यावा? आज याच व्यवहाराचे बोलू.

घरच्या बाईचा प्रश्न

असल्या वेळी घरातली बाई एकच प्रश्न विचारते आणि तोच खरा असतो. "अहो, वर्षातले किती दिवस ही गाडी चालणार?" या प्रश्नावर पुरुष मंडळी गडबडतात. त्याचे उत्तर कागदावर मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा, गाडी ३ लाखांना मिळाली. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी, क्लचप्लेट आणि पाटे यांवर ५० हजार गेले. म्हणजे गाडी पडली साडेतीन लाखांना. या रकमेचे १२ टक्क्यांनी व्याज ४२ हजार. पैसे घरचे असले तरी व्याज धराच, कारण तेच पैसे ठिबकमध्ये किंवा विहिरीत घातले असते तर त्यांनीही काही दिलेच असते. चार वर्षांनी गाडी १ लाख ४० हजारांना विकली, तर वर्षाची घट ४० हजार. सुरुवातीच्या दुरुस्तीचा वर्षाचा वाटा साडेबारा हजार. विमा, पासिंग आणि कर मिळून ३५ हजार. ऑइल, टायर आणि किरकोळ कामे ४० हजार. बेरीज झाली १ लाख ६९ हजार ५००. गाडी दारात उभी राहिली तरी यातला बराचसा खर्च चुकत नाही.

आता बचत बघा. बाजाराच्या एका खेपेला भाड्याची गाडी अडीच हजार घेते असे धरू. स्वतःच्या गाडीला जाऊन-येऊन ८० किलोमीटरला सुमारे ६५० रुपयांचे डिझेल लागेल. चालकाचा रोज ५००. मुलगा चालवत असेल तरी त्याचा रोज धरा, त्याच्याही कष्टाला मोल आहे. एका खेपेमागे वाचले १,३५०. एक लाख ६९ हजार ५०० ला १,३५० ने भागा. वर्षाला १२६ खेपा झाल्या, तर हिशेब जेमतेम बरोबरीत येतो.

दोन एकर टोमॅटो आणि तीन एकर कांदा असलेल्या घराच्या खेपा किती होतात? टोमॅटोच्या तोडणीत एक दिवसाआड गाडी भरली तरी चाळीसेक. तीनशे क्विंटल कांदा, खेपेला पंधरा क्विंटल, म्हणजे वीस. एकूण साठ. या घराला स्वतःची गाडी वर्षाला ८८ हजार ५०० रुपयांना जड जाते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा प्रकार.

मग अशा घराने गाडी घेऊच नये का? घ्यावी, पण उरलेल्या ६६ खेपा कुठून येणार ते आधी ठरवून. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांचा माल नेण्याचे विसार देण्याआधी पक्के बोलून घ्या. किंवा दोन भावांनी मिळून घ्या. मात्र गाडी कोणाच्या नावावर, हंगामात पहिला मान कोणाचा आणि दुरुस्तीचा वाटा किती, हे सारे लिहून ठेवा. सख्ख्या भावांची भांडणेही तोंडी बोलीतूनच निघतात.

पैशात न मोजता येणारा फायदाही असतो. पिंपळगावला टोमॅटोचा लिलाव गाठायचा आहे आणि भाड्याची गाडी आलीच नाही, तर तोडलेला माल रात्रभर पडून राहतो. लासलगावला भाव चढला, तर आपली गाडी लगेच भरता येते. रात्री-अपरात्री घरातले कोणी आजारी पडले, तर दार ठोठावत फिरावे लागत नाही. या सोयीसाठी थोडे नुकसान सोसायला घर तयार असेल तर जरूर सोसावे. फक्त ते किती, हे ठाऊक असावे.

कोणती गाडी, किती सालची

गाडी मालाच्या वजनावरून ठरवा. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ७०२ सीसीच्या दोन सिलिंडर इंजिनाचा. पाऊण टनाच्या आसपास वजन आणि सपाट रस्ता, हे त्याचे काम. बोलेरो पिकअपचे जुने इंजिन २,५२३ सीसीचे. ती प्रकारानुसार सव्वा ते पावणेदोन टन वाहते. घाटातून जायचे असेल तर छोट्या हत्तीवर टनभर लादू नका.

सालही बघा. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. फार जुन्या साध्या पंपाच्या गाड्या तालुक्याचा मिस्त्री उघडून बसवतो. कॉमन रेल इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर असतो, त्याला स्कॅनर लागतो. त्याचे नोझल महाग असतात आणि पिंपात साठवलेले घाण डिझेल त्यांना चालत नाही. बीएस-६ च्या अनेक गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. रोज दोन-चार किलोमीटर रखडत चालवली तर ती चोंदते. काहींत युरियाचे तयार द्रावण लागते. तिथे खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून कधीही ओतू नका. म्हणून गाडीआधी मिस्त्री शोधा. जवळपास दुरुस्ती होत नसेल, तर ती गाडी आपल्या उपयोगाची नाही.

दात बघण्याची रीत

सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे, असे समजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन एक-दोन सेल्फमध्ये चालू झाले पाहिजे.

धूर बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर निघतो, त्याचे काही नाही. इंजिन तापल्यावरही पांढराच येत राहिला, तर पाणी आत उतरत असावे किंवा डिझेल नीट जळत नसावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा हवेच्या फिल्टरची तक्रार. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण जपून सैल करा. आतून जोराचा फवारा येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत आणि लवकरच इंजिनाचे काम निघणार. रेडिएटरच्या पाण्यात तेलाची साय किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला, तर तिथूनच राम राम करा.

मग खाली वाका. पिकअपचे खरे वय चेसिसवर लिहिलेले असते. हौद्याखाली, पाट्यांच्या जोडाशी आणि आडव्या पट्ट्यांवर वेल्डिंगचे ठिगळ असेल, तर गाडीने फार ओझे वाहिले आहे. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर पुढचे काम वाकडे आहे. मासळीची वाहतूक केलेल्या गाडीत बर्फाचे खारे पाणी गळून चेसिस आतून गंजते. वरून काळा रंग मारलेला असतो, म्हणून हातोडीने हलके ठोकून बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटखालचे स्क्रू, पट्ट्यांचे टोक आणि डॅशबोर्डमागची वायर बघा. गंज आणि बारीक गाळ तिथे लपून राहतो. मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. पेडलचे रबर आणि स्टेअरिंगची झीज जास्त खरे बोलते.

शेवटी औताला जुंपा, म्हणजे माल भरून चढावर चालवा. रिकाम्या गाडीत क्लच, गिअर आणि ब्रेकचे खोट दिसत नाही. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको. त्याची दिवसभराची मजुरी द्या, ती वाया जात नाही.

कागद आधी, पैसा नंतर

गाडी कशीही असो, कागद पक्के हवेत. नंबरावरून सरकारी 'वाहन' नोंदीत मालकाचे नाव, पासिंगची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेली ई-चलानेही बघा. चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी आपल्या डोळ्यांनी ताडून घ्या. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हवा. मूळ मालक वारला असेल, तर आधी वारसाच्या नावावर नोंद, त्यासाठी नमुना ३१. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा दाखला आणि इथला कर धरून किंमत करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. स्वस्त का, हे आता कळले असेल.

मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या पासिंगची फी बरीच वाढली, पुढेही वाढ झाली. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली, तरी पुढच्या वर्षीचा आकडा आरटीओत विचारून घ्या.

व्यवहार झाला की नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर करा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्या. "सह्या करून ठेवल्यात, सवडीने करा" हे ऐकू नका. आपली जुनी गाडी विकतानाही हेच पाळा. २००९ च्या एका अपघातात गाडी दोन-तीन हात फिरलेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाची होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावर ठेवली.

ओझे आणि माणसे

दीड टनाच्या गाडीत वीस किलोचे ७५ क्रेट बसतात. आपण १२० भरतो. कायद्याने जादा वजनाला २० हजार दंड, वर दर जादा टनाला २ हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. एक दंड बसला, की पंधरा खेपांची बचत गेली.

याहून मोठी गोष्ट माणसांची. तोडणीचे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची मंडळी हौद्यात बसवून नेण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल, तर त्याला विम्याचे संरक्षण मिळते. पण मालगाडीत फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. गाडी उलटली तर त्या माणसांचे जीव तर जातातच, शिवाय भरपाईसाठी गाडीमालकाच्या जमिनीवर पाळी येते. शेजारी रागावला तरी चालेल, पण हौद्यात माणसे घेऊ नका.

आणखी एक. गाडीसाठी पीककर्जाला हात लावू नका. ते वेळेत फिटले नाही तर व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामात बियाण्याला पैसा राहत नाही. हप्त्यावर घेतलीच, तर हप्ता पावसाळ्यातही भरायचा आहे, हे लक्षात ठेवा. तेव्हा शेतात माल नसतो.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसा. गेल्या वर्षी भाड्याच्या किती खेपा झाल्या आणि किती पैसे गेले, ते वहीत लिहा. वहीच नसेल, तर यंदाचे वर्ष भाड्यानेच काढा आणि प्रत्येक खेप टिपून ठेवा. जुन्या गाड्या पुढच्या वर्षीही बाजारात मिळतील. खेपांचा आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात आला, मिस्त्रीने होकार दिला आणि कागद स्वच्छ निघाले, तर बिनघोर गाडी आणा. हार घाला, नारळ फोडा आणि दुसऱ्या दिवशी आरटीओत जा.

पुढच्या आठवड्यात भेटूच.