प्रामाणिक संशयाची कदर

व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हणजे श्रद्धेचा, शिस्तीचा आणि रविवारच्या प्रार्थनेचा काळ, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला आणि विज्ञानाने धर्माला एका फटक्यात निकालात काढले, ही तिच्या जोडीची दुसरी समजूत. या दोन्ही समजुती किती अपुऱ्या आहेत हे ज्यांनी साक्षेपाने दाखविले, त्यांत केंब्रिजचे प्राध्यापक बॅझिल विली (१८९७–१९७८) यांचे स्थान मोठे आहे. १९४६ ते १९६४ या काळात ते तेथे इंग्रजी साहित्याचे प्रमुख अध्यासन भूषवीत होते. कोलरिजपासून मॅथ्यू अर्नल्डपर्यंतच्या विचारप्रवाहाचा मागोवा घेणारा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये, आणि ‘प्रामाणिक संशयवाद्यां’वरील पुढचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. विली मेथडिस्ट परंपरेत वाढलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. तरीही ज्यांची श्रद्धा ढळली त्यांचा अभ्यास त्यांनी आस्थेने केला, हे विशेष होय.

या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या पिढीचा संशय केवळ प्रयोगशाळेत जन्मला नव्हता. त्याचा उगम पुष्कळदा सदसद्विवेकबुद्धीत होता. परमेश्वर न्यायी आहे, तर तो माणसाला अनंतकाळ नरकात कसा ठेवील, हा प्रश्न त्यांना भूगर्भशास्त्राइतकाच छळीत होता. जॉर्ज एलियट या नावाने पुढे कादंबऱ्या लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्सने १८४२ मध्ये चर्चला जाण्यास नकार दिला, तेव्हा तिचे वय अवघे बावीस होते. वडील दुखावले, अखेर तिने चर्चला जावे, मनात मात्र हवा तो विचार करावा, अशी तडजोड झाली. याच लेखिकेने १८५९ च्या ‘ॲडम बीड’मध्ये एका मेथडिस्ट प्रवचनकर्त्या तरुणीचे चित्र विलक्षण आदराने रेखाटले. श्रद्धा गेली, पण श्रद्धावंतांविषयीची सहानुभूती गेली नाही.

या प्रामाणिकपणाची किंमतही मोजावी लागे. १८४९ मध्ये फ्रूडच्या कादंबरीची प्रत ऑक्सफर्डच्या महाविद्यालयात जाळण्यात आली आणि त्याला आपले पद सोडावे लागले. १८६० मध्ये सात लेखकांनी धर्मविषयक निबंधांचा संग्रह काढला. त्यांतील सहा जण धर्मोपदेशक असूनही दोघांवर धर्मन्यायालयात खटला चालला. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांना दोषमुक्त केले.

विलींच्या या मालिकेतील एक नाव मराठी वाचकाला परिचयाचे आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांचे जॉन मोर्ले ते हेच. सत्य आणि लोकरीत यांचा झगडा आला असता तडजोड कोठवर करावी, याची चिकित्सा त्यांनी १८७४ मध्येच केली होती. ज्या महाराष्ट्रात मिल-स्पेन्सर वाचून आगरकरांनी हाच प्रश्न धसास लावला, तेथे तो परका वाटण्याचे कारण नाही.

विलींवर एक आक्षेप संभवतो. स्वतः श्रद्धावान असल्यामुळे त्यांना प्रत्येक संशयवाद्यात दडलेला भक्त दिसतो, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्यांश आहे. काही माणसे धर्म खरोखरच सोडतात आणि समाधानाने जगतात. परंतु प्रतिपक्षाला वेडा किंवा पापी ठरविण्यापेक्षा त्याच्यात आपला आप्त शोधणे, हा दोष असलाच तर क्षम्य दोष आहे.

दुर्दैवाने, हे साहित्य वर्गात शिकविताना हा झगडाच पुष्कळदा वगळला जातो. टेनिसनच्या विलापिकेतील अलंकार विद्यार्थी पाठ करतात. परंतु मित्र गेल्यावर सतरा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्या काव्यात श्रद्धा का हेलकावे खाते, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्या समाजात शंका विचारणारा द्रोही आणि श्रद्धा बाळगणारा भोळसट ठरतो, तेथे हा पाठ वगळणे परवडणारे नाही. संशयाला शिक्षा होऊ लागली की माणसे शंका घेणे सोडीत नाहीत, ती लपवू लागतात; आणि मग श्रद्धेचाही भरवसा उरत नाही.