पेवाची पद्धत आणि विषारी गोळ्या

संपादक महाशय यांस,


दुष्काळ वा महापूर यांची तजवीज म्हणून घरी धान्याचा साठा असावा, ही आपल्या गेल्या अंकातील पत्रलेखकांची सूचना मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु त्याच पत्रात पेवाची पद्धत अज्ञानमूलक ठरवून धान्यात विषारी गोळ्या ठेवण्याची जी शिफारस त्यांनी केली आहे, तिचा प्रतिवाद केल्यावाचून राहवत नाही. कोरड्या, घट्ट जमिनीत खोदलेल्या पेवात ज्वारी भरून तोंड मातीने लिंपले, म्हणजे दाण्यांच्या व किडीच्या श्वसनानेच आतील प्राणवायू सरत जाऊन कीड गुदमरते. हल्ली हवाबंद पिशवीत प्राणवायू शोषणारी पुडी घालतात, तिचे तत्त्व याहून निराळे नाही. पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याखेरीज आत उतरू नये, हा दंडकही त्यामुळेच पडला. पुराच्या मुलखात पेव कुचकामी, हे मात्र खरे. सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीच्या पेवांची २००५ च्या पुरात दैना झाली. अशा मुलखात पत्र्याची कोठी उंचावर ठेवावी.

आमच्या घरी कडक उन्हात वाळवलेला दाणा दाताखाली कटकन फुटला, तरच ते धान्य, पूर्ण निवल्यावर, कोठीत भरीत. डाळीला एरंडेल चोळीत. पीठ कधीच साठवीत नसत, कारण बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. राहत्या घरात त्या ठेवू नयेत, एवढी सर्व वाचकांस कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक